जक्कयाला नोटीस आली नव्हती

दहा आज्ञांपैकी सातवी आज्ञा शिकवायला सर्वांत सोपी, असा एक समज आहे. पहिल्या ख्रिस्तशरीर-स्वीकाराच्या तयारीला येणारी सात-आठ वर्षांची मुलेही दुसऱ्याची वस्तू घ्यायची नाही हे न अडखळता सांगतात, आणि शिक्षिका पुढच्या आज्ञेकडे वळतात. अवघड भाग असतो तो त्यानंतरचा. वस्तू घेतली गेली, आता काय? किती परत करायचे, कुणी करायचे, कुणाच्या हाती द्यायचे, आणि रकमेचा आकडा ठरवायचा कुणी? सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला 'परतफेड' या एका विषयावर आठवडेच्या आठवडे खर्च होत. विहीर, बैल, गहाण ठेवलेला झगा असली उदाहरणे ऐकून आम्हां विद्यार्थ्यांना जांभया येत. ती उदाहरणे जुनी झाली, प्रश्न मात्र जुना झाला नाही.

उलट तो आता धर्मग्रामातील घरांत परदेशी टपालाने येऊ लागला आहे. आपल्या वसई पट्ट्यातील मुले-मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी कॅनडा, इंग्लंड, अमेरिका या देशांत जातात. त्यांच्या बऱ्यावाईट बातम्या रात्री उशिरा फोनवर येतात आणि सकाळच्या मिस्सेनंतर धर्मगुरूच्या ओसरीवर पोहोचतात. अशीच एक माता फोनमध्ये एका पत्राचे छायाचित्र घेऊन आमच्याकडे आली. (हे बोलणे पापनिवेदनात झालेले नाही. कुटुंबाच्या संमतीने, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून आम्ही ते येथे मांडीत आहोत.) मुलगा कॅनडात, ओंटारिओ प्रांतात शिकतो. एका मोठ्या दुकानात, जिथे गिऱ्हाइकाने स्वतःच यंत्रावर वस्तूंची नोंद करून पैसे भरायचे असतात, तिथे त्याच्या पिशवीत नोंद न झालेल्या दोन वस्तू निघाल्या. पहारेकऱ्याने त्याला आतल्या खोलीत नेले, नाव-पत्ता उतरवून घेतला, वस्तू काढून घेतल्या, पुन्हा या दुकानात पाऊल टाकायचे नाही अशा मजकुराचा कागद हातात दिला आणि सोडून दिले. पोलीस आले नाहीत. पाच आठवड्यांनी एका वकिलाच्या कचेरीतून पत्र आले: एकवीस दिवसांत पाचशे डॉलर भरावेत, न भरल्यास दिवाणी दावा लावण्यात येईल आणि रक्कम वाढेल.

मुलगा म्हणतो, घाईत नोंद करायची राहून गेली. वडील म्हणतात, पैसे भरून मोकळा हो, गावात कळता कामा नये. तिथे स्थायिक झालेला मामा म्हणतो, पत्र फाडून टाक, सगळे फाडतात. आई आम्हांला म्हणाली, "फादर, पैसे भरले तर आपल्या पोरानं चोरी केली असं आपणच लिहून दिल्यासारखं होईल. नाही भरले, आणि त्यानं खरंच घेतलं असलं, तर ते त्याच्या डोक्यावर राहील. मग करायचं काय?"

यातील वडिलांचे आणि मामांचे बोलणे व्यवहाराचे आहे. प्रश्न विचारला आहे तो एकट्या आईने.

आधी हे पत्र म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण भीती बहुधा अज्ञानातून येते. चोरी हा फौजदारी गुन्हा आहे आणि त्याचा खटला सरकार चालवते. त्याहून वेगळा असा एक दिवाणी हक्क असतो: ज्याचे नुकसान झाले त्याने ते भरून मागण्याचा. दुकानदाराचे पत्र या दुसऱ्या वाटेने येते. ते न्यायालयाचे समन्स नसते, दंडाची पावतीही नसते. एका पक्षाने दुसऱ्या पक्षाकडे केलेली ती मागणी असते. ती मान्य केली म्हणून फौजदारी खटला टळेलच असे नाही, आणि अमान्य केली एवढ्यानेच कुणी गुन्हेगार ठरत नाही. पैसे द्या नाहीतर पोलिसांत देतो, अशी धमकी दिवाणी रक्कम उकळण्यासाठी देणे हे तर कॅनडातील वकिलांना त्यांच्या व्यवसायनियमांनीच मना केलेले आहे.

परंतु सर्व देशांत या पत्राच्या पाठीशी उभा असलेला कायदा सारखा नाही, आणि नैतिक विचार करताना हा फरक डोळ्यांआड करून चालत नाही. अमेरिकेच्या पन्नासही राज्यांनी दुकानातील चोरीबाबत अशा दिवाणी वसुलीचे खास कायदे केले आहेत. न्यूयॉर्क राज्यात वस्तू विकण्याजोग्या स्थितीत परत मिळाली नाही तर तिची किंमत आणि त्याखेरीज दंड मागता येतो. हा दंड किमतीच्या पाचपट किंवा पंचाहत्तर डॉलर, यांपैकी जो जास्त असेल तेथपर्यंत, मात्र कोणत्याही परिस्थितीत पाचशे डॉलरच्या वर नाही. कॅलिफोर्नियात दंडाची मर्यादा पन्नास ते पाचशे डॉलर आहे. अज्ञान मुलाच्या आईबापांवरही हे कायदे जबाबदारी टाकतात. ओंटारिओत असा खास कायदा नाही. तिथे दुकानदाराला सर्वसामान्य कायद्याप्रमाणे आपले खरे नुकसान सिद्ध करावे लागते. इंग्लंडातही तसेच.

या दोन देशांतील दोन निकाल आम्हांला फार बोधप्रद वाटतात. १९९६ साली कॅनडातील मॅनिटोबा प्रांताच्या वरिष्ठ न्यायालयापुढे एका आईचे प्रकरण आले. तिच्या चौदा वर्षांच्या मुलाने झेलर्स या त्या काळच्या मोठ्या दुकानात चोरी केली होती. वकिलाने पत्र पाठविले ते मुलाला नव्हे, आईला, आणि दोनशे पंचवीस डॉलर मागितले. घाबरून तिने ते भरले. नंतर तिला शहाणपण सुचले आणि तिने तेच पैसे परत मागण्यासाठी दाद मागितली. न्यायाधीशांनी सांगितले, की मूल चुकले एवढ्याच कारणाने आईबाप त्या नुकसानीचे देणेकरी होत नाहीत. त्यांचा स्वतःचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. म्हणजे ज्या दाव्याच्या भीतीने तिने पैसे दिले तो दावा मुळात टिकणाराच नव्हता, आणि न टिकणारा दावा न लावण्याबद्दल कुणाला मोबदला घेता येत नाही. आईला तिचे दोनशे पंचवीस डॉलर परत मिळाले.

दुसरा निकाल ऑक्सफर्डच्या जिल्हा न्यायालयाचा, मे २०१२ मधील. दोन किशोरवयीन मुलींनी दुकानात चोरी केली होती, त्याविषयी वाद नव्हता. दुकानाचे म्हणणे असे, की त्यांना पकडण्यात आणि पुढचे सोपस्कार करण्यात आमच्या पहारेकऱ्यांचा वेळ गेला, तो खर्च भरून द्या. न्यायाधीशांनी दावा फेटाळला. पहारेकरी ज्या कामासाठी पगार घेतात तेच काम ते करीत होते. मुली आल्या नसत्या तरी त्यांचा पगार द्यावाच लागला असता. मग या दोघींमुळे झालेले नुकसान कोणते?

हे ऐकून मामाला आनंद होईल. तो म्हणेल, पाहा, फाडण्याच्याच लायकीचे पत्र होते. परंतु न्यायालयाने दावा फेटाळला म्हणजे मुलींनी चोरी केली नाही, असे झाले नाही. न्यायालयाने दुकानाच्या हिशेबाची वही तपासली. मनुष्याच्या अंतःकरणाची वही तिथे तपासली जात नाही, आणि तपासली जाऊही नये.

आता शास्त्राकडे वळू. मोशेच्या नियमशास्त्रात चोरीच्या भरपाईचे जे आकडे आहेत ते वाचताना पुष्कळांचा गोंधळ होतो, कारण ते एक नाहीत. निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात चोरलेला बैल मारला किंवा विकला असेल तर पाच बैल, मेंढरू असेल तर चार मेंढरे. पण जनावर चोराच्या हाती जिवंत सापडले तर दुप्पट. लेवीय ग्रंथात आणि गणनेच्या पाचव्या अध्यायात मात्र वेगळेच प्रमाण आहे: आपला अपराध ओळखून जो स्वतः कबुली देतो त्याने मूळ रक्कम द्यावी आणि वर तिचा पाचवा हिस्सा. चौपट, दुप्पट आणि वर केवळ पाचवा हिस्सा, या आकड्यांत मोठी जाण आहे. माल नष्ट केला त्याला सर्वांत जड, माल हाती सापडला त्याला त्याहून हलके, आणि जो पकडला जाण्याची वाट न पाहता आपण होऊन पुढे आला त्याला सर्वांत हलके. नियमशास्त्र चोराला परतीची वाट उघडी ठेवते. आणखी असे, की वाद असेल तिथे दोघांनीही देवासमोर, न्यायकर्त्यासमोर उभे राहावे असे तोच अध्याय सांगतो. ज्याची मेंढी गेली त्याने स्वतःच आकडा ठरवून वसुलीला निघावे, असे तेथे नाही.

मग आपल्या प्रवचनांतून वारंवार भेटणारा जक्कय. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातील हा जकातदार येशू घरी आल्यावर उभा राहून सांगतो, की निम्मी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसविले असेल त्याला चौपट. पत्र पाठविणाऱ्या कचेऱ्यांना हा जक्कय मोठा सोयीचा वाटला असता! परंतु जक्कयाला कुणी नोटीस पाठविली नव्हती. मुदत दिली नव्हती, रक्कम वाढेल असे बजावले नव्हते. येशूने तर पैशाचा विषयही काढला नव्हता. आज तुझ्या घरी उतरायचे आहे, एवढेच तो म्हणाला. चौपटीचा आकडा जक्कयाच्या स्वतःच्या तोंडून निघाला, आणि म्हणूनच त्याला मोल आहे. जुलमाने चौपट घेतले असते तर ते जकातीसारखेच झाले असते, फक्त उलट्या दिशेने.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच प्रश्न सरळ विचारला आहे: चोराने जेवढे घेतले तेवढेच परत करणे पुरेसे, की अधिक द्यावे? त्यांचे उत्तर दोन गोष्टी वेगळ्या करते. एक आहे वस्तूंतील विषमता. माझ्याकडे तुझे शंभर रुपये आले, ती विषमता शंभर परत केल्याने संपते. दुसरा आहे अपराध, आणि त्यावरील उपाय म्हणजे दंड. तो लावण्याचा अधिकार न्यायाधीशाचा. म्हणून न्यायाधीशाने दोषी ठरवीपर्यंत चोर जे घेतले त्याहून अधिक देण्यास बांधलेला नाही; दोषी ठरविल्यावर मात्र दंडही देणे त्याचे कर्तव्य होते. सातशे-साडेसातशे वर्षांपूर्वी लिहिलेली ही मीमांसा त्या ओंटारिओच्या पत्राला इतकी तंतोतंत लागू पडते की आम्ही ती पुन्हा काढून वाचली. त्या पाचशे डॉलरांत भरपाई किती आणि दंड किती? वस्तू जागेवरच परत घेतल्या, त्या शाबूत होत्या, त्याच दिवशी पुन्हा फळीवर गेल्या असतील. म्हणजे भरपाईचा भाग शून्याच्या जवळ. उरलेला सगळा दंड, आणि तो ठरविणारा न्यायाधीश नव्हे, तर दंडाचे पैसे ज्याच्या गल्ल्यात जाणार तो पक्ष.

यावर दुकानदाराची बाजूही ऐकली पाहिजे. तो म्हणेल, माझ्या दुकानात पहारेकरी आहेत ते चोरांमुळेच. एकट्या या मुलामुळे नाही हे खरे, पण याच्यासारख्या हजारांमुळे. कॅमेरे, कुलूपबंद कपाटे, वस्तूंना लावलेल्या चिपा, हा सगळा खर्च कुणी सोसायचा? हा युक्तिवाद पोकळ नाही. ज्याच्या कृत्याने दुसऱ्याचे नुकसान झाले तो, स्वतःच्या हाती काही उरले नसले तरी, देणेकरी असतो, हेही अक्वायनस त्याच प्रकरणात सांगतात. परंतु या खर्चाचा अखेरचा भार दुकानदारावर पडत नाही. तो किमतीत मिसळला जातो, आणि दूध-पाव घेणारी प्रामाणिक गिऱ्हाइके तो नाणे नाणे करून भरतात. म्हणजे चोराचा खरा धनको फळीच्या मागे उभा असलेला मालक जितका आहे, तितकाच रांगेत पुढे उभी असलेली म्हातारी आहे. पाचशे डॉलर मिळाले म्हणून दुकानदार उद्या पाव स्वस्त करणार आहे काय? अमेरिकेतील विधिमंडळांनी यावर आपल्या परीने तोडगा काढला: आकड्याला वरची मर्यादा घातली आणि तो कायद्यात लिहून ठेवला. तो आकडा आवडो न आवडो, निदान तो पक्षाने एकट्याने ठरविलेला नाही. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या दोषी मनुष्याने या मर्यादेत आलेली मागणी अन्याय म्हणून झिडकारू नये, असे आमचे मत आहे. ओंटारिओतील मनुष्यावर तेच बंधन आहे असे आम्हांला वाटत नाही.

या धंद्याची एक काळी बाजूही नोंदविली पाहिजे. अमेरिकेत एका कंपनीने दुकानांशी करार करून असा प्रकार चालविला होता, की पकडलेल्या मनुष्यासमोर जागच्या जागी पर्याय ठेवायचा: काहीशे डॉलर भरून आमचा सुधारणेचा अभ्यासक्रम कर, नाहीतर पोलीस. २०१७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयाने हा प्रकार खंडणीत मोडतो असा निर्वाळा दिला. सुधारणा हा शब्द आम्हां धर्मगुरूंच्या रोजच्या वापरातला आहे. तो कुठे कुठे जाऊन बसतो हे पाहून मन खिन्न होते.

तर मग त्या मुलाने खरोखरच वस्तू जाणूनबुजून पिशवीत टाकल्या असतील, तर त्याच्यावर काय उरते? पत्रातील रक्कम नाकारण्याचा हक्क त्याला आहे. परंतु नाकारलेले पाचशे डॉलर हा त्याचा नफा नव्हे. वेष्टन फाटले असेल, वस्तू विकण्याजोगी राहिली नसेल, तर तिची किंमत त्याने पोहोचवलीच पाहिजे, पत्रात मागितली असो वा नसो. याआधी कधी असेच काही घेतले आणि पकडला गेला नाही, तर त्याचीही. ते नाव न सांगता देता येते; परतफेडीसाठी स्वतःची अब्रू चव्हाट्यावर मांडण्याची सक्ती ख्रिस्तसभेने कधी केलेली नाही. चोरलेले परत करता येण्याजोगे असूनही परत न करता नुसता पश्चात्ताप करणे हे सोंग आहे, असे संत ऑगस्टिन यांनी आपल्या एका पत्रात बजावले आहे, आणि १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण-ग्रंथातही परतफेडीचे हे कर्तव्य जक्कयाचा दाखला देऊन सांगितले आहे. राहिली ती रांगेतील म्हातारी. तिचा पत्ता कुणाला ठाऊक नाही. धनको सापडत नसेल तर देणे गरिबांना द्यावे, हा परंपरेचा नियम अशा ठिकाणी उपयोगी पडतो. धनको समोर असताना मात्र तो वापरू नये. शेजाऱ्याचा केळीचा लोंगर कापून आणायचा आणि दानपेटीत नोट टाकायची, याला परतफेड म्हणत नाहीत.

येथेच एका नेहमीच्या बोलण्याचा समाचार घेणे भाग आहे. एवढ्या मोठ्या कंपनीला दोन वस्तूंनी काय फरक पडतो, असे आपली शिकलेली मुले म्हणतात, आणि आईबाप ते हसून ऐकतात. जुने नीतिशास्त्रज्ञ चोरीची गंभीरता मोजताना घेतलेल्या वस्तूची किंमत पाहत, तशीच ती कुणाची गेली हेही पाहत. गरिबाच्या एका दिवसाच्या मजुरीला ते फार जपत. हा भेद खरा आहे. परंतु त्यांतील कुणीही श्रीमंताचे घेतले म्हणजे चोरी नव्हे, असे म्हटलेले नाही. शिवाय अशा प्रत्येक चोरीनंतर पहारेकऱ्याची नजर आपल्या वर्णाच्या, आपल्या वयाच्या पुढच्या मुलाकडे अधिक रोखून पाहू लागते. त्याने तर काहीच केलेले नसते.

आणि मुलाचे म्हणणे खरे असेल तर? नोंद करायची खरोखर राहून गेली असेल तर? चोरीला हेतू लागतो. विसरणे ही चोरी नाही. वस्तू परत गेल्या, विषमता संपली. अशा निर्दोष मनुष्याने पैसे भरले तर ते पाप होत नाही. अंगरखा मागणाऱ्याला झगाही देऊन टाकावा, वाटेतच प्रतिपक्षाशी समेट करावा, या डोंगरावरील प्रवचनातील शिकवणीवर बोट ठेवून कुणी तसे केले तर आम्ही त्याला अडविणार नाही. परंतु झगा स्वतःचा असला पाहिजे. वडिलांनी पतपेढीतून कर्ज काढून आणलेला झगा मुलाने शौर्याने देऊन टाकणे, यात मुलाचे औदार्य कुठे आले? शिवाय मनुष्याचे नाव हीही त्याची मालमत्ता आहे, आणि तीही त्याला उगाच उधळता येत नाही. भीतीने भरलेला प्रत्येक डॉलर पुढच्या पत्राचा टपालखर्च होतो, आणि ते पुढचे पत्र एखाद्या अधिक दुबळ्या, इंग्रजी न समजणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या बाईच्या दारात पडते.

वडिलांच्या घाईविषयी मात्र आम्हांला अधिक चिंता वाटते. मॅनिटोबाच्या न्यायाधीशाने जे कायद्याच्या अंगाने सांगितले, ते घराच्या अंगानेही खरे आहे: मुलाचे देणे बापाचे होत नाही. मुलगा दोषी असेल तर बापाने पैसे भरून त्याच्याकडून त्याची परतफेडच हिरावून घेतली. आपल्या हाताने चार शनिवार काम करून वेष्टनाची किंमत पोहोचवणे त्याच्या आत्म्याला जे करील, ते बापाच्या तीस हजार रुपयांनी होणार नाही. मुलगा निर्दोष असेल तर बापाने त्याला न विचारताच दोषी ठरविले. दोन्ही वेळा एक गोष्ट झालीच नाही: कुणी त्या मुलाशी नीट बोलले नाही. त्या घरात पाचशे डॉलरांवर तीन आठवडे चर्चा झाली. तू हे केलेस का, हे दटावल्याशिवाय, उत्तर ऐकून घेण्याची तयारी ठेवून, एकदाही विचारले गेले नाही. गावात कळेल ही भीती मुलाच्या पापाच्या भीतीहून मोठी असते, तेव्हा घरातला मुलगा खरे सांगण्याचे धाडस कुठून आणील?

आपल्या देशात अशी पत्रे येण्याची पद्धत नाही, म्हणून वाचकांनी निःश्वास टाकण्याचे कारण नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत एक उदार तरतूद आहे: पाच हजार रुपयांहून कमी किमतीची चोरी, पहिल्यांदाच दोषी ठरलेला मनुष्य, आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली असेल, तर शिक्षा म्हणून समाजसेवा. निर्गम आणि लेवीय यांच्या वाटेवरचाच हा कायदा आहे, असे म्हणता येईल. परंतु आपल्या घरांत कोणता कायदा चालतो? अंगठी सापडत नाही. संशय धुणे-भांडी करणाऱ्या बाईवर जातो. महिनाअखेरीस तिच्या पगारातून पैसे कापले जातात. तिला पत्र येत नाही, मुदत मिळत नाही, वकील तर दूरच. आरोप करणारा, न्याय देणारा आणि पैसे घेणारा एकच. कधी कधी अंगठी पावसाळ्यानंतर गादीखाली सापडते, आणि बाई तोवर दुसरीकडे कामाला लागलेली असते, चोर या लौकिकासह. तिला पगार परत करणारी घरे आम्ही पाहिली आहेत. ज्या शेजारणींजवळ तिच्याविषयी बोललो, त्यांच्याकडे पुन्हा जाऊन तिचे नाव धुऊन काढणारे घर अद्याप पाहावयाचे आहे. दुसऱ्याच्या लौकिकाची झालेली हानी भरून देणे हेही परतफेडीचेच कर्तव्य आहे, आणि ते पैशाने भागत नाही.

ही बाजू सांगितली तर तिची दुसरीही सांगितली पाहिजे. मालक पगार कमी देतो म्हणून घरातून थोडे थोडे नेऊन हिशेब पुरा करणे योग्य, असे सतराव्या शतकातील काही नीतिशास्त्रज्ञांनी लिहून ठेवले होते. १६७९ साली अकरावे इनोसंट पोप यांनी ते मत निषिद्ध ठरविले. कारण उघड आहे: तिथेही आपल्याच दाव्याचा न्यायाधीश आपणच होतो. दुकानदाराचा वकील, घरची मालकीण आणि ती मोलकरीण, तिघांनाही एकच मोह पडतो.

पत्राला उत्तर द्यावे की देऊ नये? प्रथम तिथल्या जाणकाराला पत्र दाखवावे. ओंटारिओत कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी विनामूल्य कायदा-सल्ला केंद्रे आहेत, विद्यापीठांतही विद्यार्थ्यांसाठी अशी सोय असते; परदेशी विद्यार्थ्याला परवान्याचीही काळजी असते, म्हणून त्याने तर मामाच्या सल्ल्यावर विसंबूच नये. पत्र फाडू नये, जपून ठेवावे. पुढे खरोखर न्यायालयाचा दावा आलाच, तर त्याकडे दुर्लक्ष करणे महागात पडते. ओंटारिओच्या लहान दाव्यांच्या न्यायालयात बचाव दाखल करायला वीस दिवस असतात.

आणि उत्तर लिहायचे ठरले तर त्यात खोटे नसावे. दोषी मनुष्यावर वकिलाच्या कचेरीपुढे आपले पाप उघडे करण्याचे बंधन नाही. ते ऐकण्याचा अधिकार त्या कचेरीला नाही. जे सांगण्यास आपण बांधलेले नाही ते न सांगणे निराळे आणि खोटे सांगणे निराळे, हा भेद आरोपीविषयी लिहिताना अक्वायनस यांनीच केला आहे. म्हणून मी काहीच घेतले नाही, असे त्याने लिहू नये. तुमचा दावा आणि त्यातील रक्कम मला मान्य नाही, नुकसान झाले असल्यास त्याचा तपशील कळवावा, एवढे त्याला खरेपणाने लिहिता येते. निर्दोष मनुष्यालाही हेच शब्द पुरतात. त्याने रागाने दोन पाने लिहिण्याची गरज नाही. खाली तारीख घालावी, सही मुलाने स्वतः करावी, बापाने नव्हे, आणि एक प्रत आपल्याजवळ ठेवावी.